हॉर्नला हवा शांत वॅट

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि आपला चित्रपट बोलू लागला. पुढच्या सात-आठ वर्षांत मुंबईत रीगल आलं, इरॉस आलं, मेट्रो आलं. मोठाली प्रेक्षागृहं, भरगच्च गर्दी, आणि संवाद मात्र बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचायला हवेत. आता त्याच काळातली एक गोष्ट पाहा. वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा छोट्या थिएटरांसाठी बनवलेला ९१ क्रमांकाचा ॲम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा होता. आज घरोघरी टीव्हीखाली ठेवलेल्या साउंडबारच्या खोक्यावरसुद्धा याच्या कितीतरी पट आकडा छापलेला असतो.

आठ वॅटमध्ये थिएटर भरायचं, याचं रहस्य पडद्यामागच्या कर्ण्यांत होतं.

स्पीकरचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम किंवा कागदी कोन, हवेच्या मानाने फार जड असतो. पाण्याबाहेर हवेत वल्हं मारलं तर हात हलतो, होडी हलत नाही; साध्या पेटीतल्या स्पीकरचं तसंच होतं. पडदा पुढेमागे होतो, पण हवेला नीट धक्काच बसत नाही. दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का, कित्येकदा त्याहून कमी, आवाजात बदलते. उरलेली वीज पडदा हलवणारी कॉइल तापवण्यात जाते. थिएटरमधला तो कर्णा म्हणजेच हॉर्न. त्याचा गळा अरुंद असतो. तिथे पडद्यासमोर हवेचा दाब तयार होतो, ती सहज बाजूला सरकू शकत नाही, त्यामुळे पडद्याला खरोखर काम करावं लागतं. तो दाब रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यातून हळूहळू खोलीतल्या हवेकडे सोपवला जातो. चांगला हॉर्न त्याच्या सोयीच्या पट्ट्यात वीस-तीस टक्के वीज आवाजात बदलू शकतो. गळ्यापाशी बसवलेल्या त्या खास यंत्राला कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणतात. बेल लॅब्जच्या वेंट आणि थुरास यांनी १९२६मध्ये घडवलेला ५५५ हा त्यातला आद्य पुरुष. नंतर आल्टेकची ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ मालिका आली, जेबीएल आली, इंग्लंडची व्हिटाव्हॉक्स आली, आणि १९४६मध्ये पॉल क्लिप्श यांनी आर्कान्सामधल्या होप या गावी घरातल्या कोपऱ्यासाठी हॉर्न बनवायचा कारखाना काढला. आज हौशी माणसाच्या हाती जे जुने हॉर्न लागतात ते बहुधा याच घराण्यांतले.

आता कामाचा आकडा. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते. शेल्फवर ठेवायच्या साध्या स्पीकरचा हा आकडा ८६च्या आसपास असतो. थिएटरच्या हॉर्नचा १०६. फरक वीस डेसिबलचा, आणि डेसिबलच्या हिशेबात दर दहा म्हणजे दहापट वॅट. म्हणजे हॉर्नला एक वॅट दिला की साध्या स्पीकरला शंभर वॅट दिल्याइतका आवाज!

दादरच्या, पार्ल्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये गाणं रंगात ऐकायला सरासरी ७६ डेसिबल पुष्कळ झाले. १०६ डेसिबलच्या हॉर्नला त्यासाठी लागतो एक मिलिवॅट. वॅटचा हजारावा हिस्सा. तबल्याची थाप वीस डेसिबल वर उसळली असं धरलं तरी वॅटचा दहावा हिस्सा पुरतो.

म्हणून ‘किती वॅटचा ॲम्प घेऊ?’ हा प्रश्न हॉर्नवाल्याने आधी बाजूला ठेवावा. तुमचा ॲम्प्लिफायर आयुष्यभर एका वॅटच्या आत वावरणार आहे. तिथे तो कसा वागतो, एवढंच पाहायचं. अमेरिकन डिझायनर नेल्सन पास यांनी आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरांच्या कंपनीचं नावच ‘फर्स्ट वॉट’ ठेवलं आहे.

या पहिल्या वॅटच्या मुलखात सगळ्यात आधी भेटतो तो गोंगाट. ॲम्प्लिफायर चालू करा, काही वाजवू नका आणि हॉर्नच्या तोंडाशी कान न्या. सूं असा आवाज येतो, कधी त्यात पंख्यासारखी घुमारी मिसळलेली असते. समजा, तुमच्या ॲम्पच्या आउटपुटला सिग्नल नसताना एक मिलिव्होल्ट गोंगाट आहे. साध्या आठ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप), ८६ डेसिबलच्या स्पीकरवर तो एक मीटरवर सतरा डेसिबल भरतो; मुंबईत कुठल्याही खोलीत तो ऐकूच येणार नाही. तोच मिलिव्होल्ट सोळा ओहमच्या, १०६ डेसिबलच्या हॉर्नवर चौतीस डेसिबल होतो. रात्री अकरानंतर, रस्ता शांत झाल्यावर, तानपुऱ्याच्या मागे तो सतत जाणवतो आणि ऐकणारा हैराण होतो. हॉर्नसाठी आउटपुटचा गोंगाट दोन दशांश मिलिव्होल्टच्या आत असावा असं मी मानतो. साधे मल्टिमीटर इतकं लहान मापताना गडबडतात, पण कान हॉर्नच्या तोंडाशी नेला की निकाल लगेच लागतो. दुकानात ॲम्प बघायला जाल तेव्हा आधी हे करा, मग गाणं लावा.

घुमारी ही मुख्यतः विजेची. आपल्याकडे ५० हर्ट्झ वीज, त्यामुळे घुमारी ५० किंवा १०० हर्ट्झची. २ए३ किंवा ३००बी या जुन्या जातीच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे काचेच्या नळीत, तापणारी तारच कॅथोडचं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याचं, काम करते. ती तार एसीवर तापवली तर घुमारी थेट गाण्यात उतरते. साध्या स्पीकरवर खपून जाते, हॉर्नवर नाही. अशा ॲम्पमध्ये तारेला डीसी दिलेला असणं उत्तम. आणि अमेरिकेहून आणलेला जुना ॲम्प ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल तर नुसता स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. व्होल्टेज उतरतं, ५० हर्ट्झ तसेच राहतात, आणि ६०साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५०वर जास्त तापतो, जास्त गुणगुणतो. मे महिन्यातल्या मुंबईत हे तापणं हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी अडचण आवाजाच्या बटणाची. ती फारशी कुणी सांगत नाही, पण प्रत्येक हॉर्नवाल्याला भेटते. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र) दोन व्होल्ट देतो. ॲम्प त्याला वीसपट करतो. आपल्याला सोळा ओहमवर एका मिलिवॅटसाठी हवेत सव्वाशे मिलिव्होल्ट. मग बटण घड्याळातल्या आठच्या जागी, म्हणजे अगदी सुरुवातीलाच, अडकतं, जरा पुढे सरकवलं की शेजारी दार ठोठावतात. त्यातून साध्या पोटेन्शिओमीटरच्या, म्हणजे त्या बटणाच्या, दोन बाजू तळाशी सारख्या नसतात. डावा आवाज मोठा, उजवा बारीक, गायिका मधोमध बसायची ती एका बाजूला सरकते. उपाय महाग नाही: कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी पट वाढवणारा, ॲम्प घ्या, किंवा ॲम्पच्या आधी दोन रेझिस्टरचा अटेन्युएटर घालून सिग्नल उतरवा. हजारो रुपयांच्या केबलपेक्षा यातून कितीतरी जास्त मिळतं.

तिसरी गोष्ट क्रॉसओव्हर डिस्टॉर्शनची, म्हणजे हातबदलीच्या वेळी लाटेत होणाऱ्या बिघाडाची. बहुतेक ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. शून्यापाशी एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना लाटेला बारीकशी घडी पडते. आवाज मोठा असेल तर ती घडी त्यात बुडते. मिलिवॅटच्या मुलखात लाटच एवढी लहान असते की घडी उठून दिसते. आजचे चांगले ॲम्प हे फीडबॅक (त्याबद्दल पुढे येईल) वापरून फार छान आवरतात. सत्तरच्या दशकातले स्वस्त ॲम्प आवरत नसत, आणि ‘ट्रान्झिस्टर म्हणजे कर्कश’ हा समज हॉर्नवाल्यांत रुजला तो याच अनुभवातून, असं माझं मत आहे. क्लास ए ॲम्पमध्ये प्रत्येक भाग पूर्ण लाटभर चालू असतो; तो ॲम्प व्हॉल्व्हचा असो की ट्रान्झिस्टरचा, ही हातबदली होतच नाही.

संरक्षणाबद्दल एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा पडदा केसाएवढा पातळ ॲल्युमिनियमचा किंवा फिनॉलिकचा असतो. जुन्या ड्रायव्हरचा अस्सल पडदा मिळणं कठीण. ट्रान्झिस्टर ॲम्प बिघडला तर तो स्पीकरला थेट डीसी देऊ शकतो. चालू-बंद करताना धप्प असा धक्का देणारे तर पुष्कळ आहेत. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर (खालचे-वरचे स्वर वेगळे करणारं सर्किट; वरच्या डिस्टॉर्शनशी त्याचा संबंध नाही) वगळून ॲम्प सरळ ड्रायव्हरला जोडणार असाल तर मध्ये एक कपॅसिटर हवाच हवा. सोळा ओहमच्या ड्रायव्हरला १०० मायक्रोफॅराडचा घातला तर तो १०० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो. ८०० हर्ट्झपासून वर वाजणाऱ्या हॉर्नला त्याचा त्रास नाही. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, तो डीसी पुढे जाऊ देत नाही. त्याचा नियम वेगळा: स्पीकर जोडल्याशिवाय सिग्नल देऊन तो चालवायचा नाही. भार नसला की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन जळू शकतं. शिवाय आत तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतात. झाकण उघडायचं काम जाणकारावर सोपवा.

ओहमचा हिशेब सोपा. जुने थिएटर स्पीकर बहुधा सोळा ओहमचे. व्हॉल्व्ह ॲम्पच्या मागे चार, आठ, सोळा अशी टर्मिनल असतात, त्यातलं सोळाचं वापरा. ते नसेल आणि आठवर जोडलंत तरी बिघडत नाही. थोडे वॅट कमी मिळतात, डिस्टॉर्शनही सहसा कमी होतं. ट्रान्झिस्टर ॲम्प आठ ओहमवर पन्नास वॅटचा असेल तर सोळावर साधारण पंचवीस देईल. आपल्याला एकही पुरा लागत नाही, हे वर आलंच आहे.

बाससाठी मात्र मुंबईच्या घराशी तडजोड करावीच लागते. हॉर्नच्या तोंडाचा घेर त्याच्या सगळ्यात खालच्या स्वराच्या तरंगलांबीएवढा हवा. ५० हर्ट्झची लाट सुमारे सात मीटर लांब, म्हणजे तोंडाचा व्यास सव्वादोन मीटर. एवढं तोंड फ्लॅटच्या दारातून आत यायचं नाही. क्लिप्श यांची युक्ती अशी की हॉर्न घडी घालून कोपऱ्यात ठेवायचा. दोन भिंती आणि जमीन मिळून उरलेला कर्णा पुरा करतात आणि तोंडाचं क्षेत्रफळ आठपटीने लहान चालतं. त्यासाठी एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे लागतात, आणि आपल्याकडे एका कोपऱ्यात दार नाहीतर सरकती खिडकी असतेच. म्हणून बहुतेक जण वर हॉर्न आणि खाली मोठ्या पेटीत पंधरा इंची वूफर असा संसार करतात. इथे वूफरपेक्षा वरचा हॉर्न आठ-दहा डेसिबल जोरकस असतो. त्याला उतरवायला एल-पॅड किंवा ऑटोफॉर्मर लागतो. माझं स्पष्ट मत आहे की हा तोल आधी साधावा, ॲम्पवर खर्च नंतर करावा. हॉर्न दोन डेसिबल जास्त असेल तर जगातला कुठलाही व्हॉल्व्ह त्याचा आवाज गोड करू शकत नाही. दोन ॲम्प लावायचे असतील, वर लहान व्हॉल्व्ह आणि खाली दणकट ट्रान्झिस्टर, तर त्यासारखी दुसरी मजा नाही.

आता वादांकडे येतो, कारण या छंदातला अर्धा आनंद तिथे आहे.

सगळ्यात जुना वाद फीडबॅकचा. ऑगस्ट १९२७मध्ये बेल लॅब्जचे हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जात असताना त्यांना निगेटिव्ह फीडबॅक सुचला आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी तो मांडला. रोज विरार-चर्चगेट करणाऱ्या इंजिनिअरला ही गोष्ट आवडावी. आउटपुटचा थोडा हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा, म्हणजे ॲम्पने केलेली चूक त्याची त्यालाच सुधारता येते. १९४७मध्ये ब्रिटिश इंजिनिअर विल्यमसन यांचा पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प वीस डेसिबल फीडबॅक घेऊन आला आणि पुढची कित्येक वर्षं तोच आदर्श मानला गेला. दुसऱ्या बाजूला फीडबॅकला अजिबात हात न लावणारे लोक आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे हॉर्नवाले आहेत.

हे असं का, ते आमच्या रविवारच्या बैठकीत मला जवळून बघायला मिळालं. माटुंग्याचे एक काका, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, त्यांच्याकडे २ए३चा साडेतीन वॅटचा ॲम्प, शून्य फीडबॅक. पवईचा एक तरुण मित्र, मोजमापावर श्रद्धा असलेला, त्याच्याकडे साधा, स्वच्छ ट्रान्झिस्टर ॲम्प. हॉर्न काकांचे. किशोरीताईंची एक जुनी तबकडी लावली. काका म्हणाले, “अरे, तुझ्या ॲम्पवर बाई लांब बसल्यात. माझ्यावर समोर आहेत.” तो म्हणाला, “काका, तुमचा ॲम्प मधला आवाज वर करतोय, दुसरं काही नाही.”

दोघंही खरं बोलत होते. शून्य फीडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, जास्त असतो, समजा चार ओहम. स्पीकर नावाला सोळा ओहमचा, पण प्रत्यक्षात स्वरागणिक त्याचे ओहम बदलतात, कुठे बारा, कुठे साठ. बारा असतील तिथे ॲम्पच्या आतच बराच व्होल्टेज गळतो, साठ असतील तिथे फारच थोडा. दोन ठिकाणांत फरक पडतो दोन डेसिबलचा. ट्रान्झिस्टर ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स जवळजवळ शून्य, त्यामुळे तिथे हा चढउतार नाही. म्हणजे व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरच्या ओहमच्या वळणाप्रमाणे आवाजाचा तोल बदलतो. काकांच्या हॉर्नचं वळण मधल्या पट्टीत उंच होतं, म्हणून बाई समोर आल्या. दुसऱ्या स्पीकरवर तोच ॲम्प बास फुगवेल. ॲम्पवरून वाद पेटला की मी म्हणूनच आधी विचारतो: कुठल्या स्पीकरवर?

मित्राने खिशातून ३.९ ओहम, दहा वॅटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर काढला, लॅमिंग्टन रोडवरचा, आणि आपल्या ॲम्पच्या वाटेत घातला, म्हणजे त्याचाही अडथळा व्हॉल्व्ह ॲम्पसारखा चार ओहमच्या आसपास गेला. मग काकांनी स्वतः, चष्मा कपाळावर सरकवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर धरून दोन्ही आवाज सारखे केले. हे फार महत्त्वाचं. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, जास्त खुललेला वाटतो. म्हणून एक दशांश डेसिबलपर्यंत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एका टक्क्यापर्यंत, जुळवणी लागते. अदलाबदल करणाऱ्याने नाणं उडवून ॲम्प निवडायचा आणि तोंड उघडायचं नाही. सोळापैकी बारा वेळा ओळख बरोबर आली तर ती नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तेवढं जमलं तर फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. रेझिस्टर नसताना काकांनी ओळखलं. रेझिस्टर घातल्यावर त्यांना जमलं नाही, मलाही नाही.

असाच प्रकार १९८५मध्ये अमेरिकेत गाजला होता. ॲम्प्लिफायर डिझायनर बॉब कार्व्हर यांनी ‘स्टीरिओफाइल’ मासिकाच्या परीक्षकांना आव्हान दिलं, की तुमच्या आवडत्या महागड्या ॲम्पसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो. दोन्हींचे आउटपुट एकमेकांतून वजा करायचे आणि बाकी जवळजवळ शून्य होईपर्यंत आपल्या ॲम्पमध्ये फेरबदल करत राहायचं, ही त्यांची पद्धत. परीक्षकांना शेवटी फरक सांगता आला नाही.

काकांनी मात्र हार मानली नाही, आणि त्यांचा मुद्दा बिनतोड होता. “व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन गोड असतं म्हणता ना? ते कुठे गेलं?” उत्तर हॉर्नमध्येच आहे. सिंगल-एंडेड ॲम्पचं, म्हणजे एकच व्हॉल्व्ह पूर्ण लाट सांभाळतो अशाचं, सेकंड हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट हर्ट्झचा जादा स्वर) आवाजाच्या उंचीबरोबर वाढतं आणि त्याच्याबरोबरच उतरतं. साडेतीन वॅटवर ते पाच टक्के असेल तर साडेतीन मिलिवॅटवर दीड-दोन दशांश टक्के उरतं. साध्या स्पीकरवर तोच ॲम्प धापा टाकत वाजतो आणि त्याचा सगळा रंग बाहेर येतो. हॉर्नवर तो इतका निवांत असतो की रंगायची वेळच येत नाही.

यावर काकांनी नवीन मुद्दा काढला आहे, आणि मला तो फार आवडला. ते म्हणतात, इतक्या लहान सिग्नलला आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं लोखंड मोठ्या सिग्नलसारखं वागत नाही, त्याचा इंडक्टन्स, म्हणजे खालचे स्वर पेलण्याची ताकद, उतरतो, मग मिलिवॅटवर बास वेगळा वाजायला हवा. मित्र म्हणतो, सिंगल-एंडेड ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट असते, त्यामुळे फरक नगण्य पडेल. दोघांचं एवढ्यावर एकमत झालंय, की २० हर्ट्झपासून वर, एका मिलिवॅटवर आणि एका वॅटवर, दोन्ही आलेख एकाच कागदावर काढायचे. मीटर कुणाचा वापरायचा यावर अजून चर्चा चालू आहे.